दूरयंत्राशी बोलताना : शेलच्या आरंभ-फाईलीतील दोष आणि त्यांचा शोध



आजच्या व्याख्यानाचा विषय फळ्यावर लागला, तेव्हा एका वडीलधाऱ्या स्नेह्यांनी आम्हांस बाजारात थांबवून विचारले, "शेल म्हणजे शिंपलाच ना हो? मग आपल्या उमरेडला समुद्र कुठून आणलात?" प्रश्न थट्टेचा होता, पण शब्दाचा अर्थ त्यांनी अगदी बरोबर सांगितला. संगणकाच्या आत जो व्यवस्थापक बसलेला असतो त्याला कर्नल म्हणजे गर म्हणतात, आणि त्याच्याभोवतीच्या करवंटीला शेल म्हणतात. आपण कळफलकावर जी आज्ञा लिहितो ती प्रथम या करवंटीच्या कानी पडते. ती आज्ञेचा अर्थ लावते, योग्य तो कार्यक्रम हुडकून काढते आणि तो चालवावयास गराला सांगते. शेलचे काम एवढेच. परंतु ते बिघडले म्हणजे आतला सारा शहाणपणा असून नसल्यासारखा होतो.

आता हे यंत्र आपल्या टेबलावरच असले पाहिजे असे राहिलेले नाही. येथून नागपूर सुमारे ४५ किलोमीटर. येथल्या खोलीत बसून नागपुरातील, पुण्यातील किंवा समुद्रापलीकडील यंत्राला आज्ञा देणारी कितीतरी तरुण मंडळी आज आपल्या गावात आहेत. २०२० च्या टाळेबंदीत तर ज्या घरात पूर्वी फक्त सोयाबीन आणि मिरचीच्या भावाची चर्चा चाले, त्या घरातून रात्री दोन-दोन वाजेपर्यंत दूरच्या सर्व्हरशी बोलणे चालले. दवाखान्याचे कागद, शाळेचे निकाल, पतसंस्थेच्या खतावण्या अशा दूरच्या यंत्रांवर राहू लागल्या आहेत. म्हणून हा विषय केवळ संगणकवाल्यांचा नाही. ज्याचे चार पैसे पतसंस्थेत आहेत, त्याचाही तो आहे. कसा, ते आमच्याच एका चुकीवरून सांगतो.

आपल्या तालुक्यातील एका लहान पतसंस्थेचा हिशेब ज्या संगणकावर राहात असे, त्याची रोज रात्री नागपुरातील एका भाड्याच्या सर्व्हरवर नक्कल जावी, अशी व्यवस्था आम्ही करून दिली होती. नक्कल करणाऱ्या कार्यक्रमाचे नाव आरसिंक. हा गुणी कार्यक्रम आहे. अँड्रयू ट्रिजेल व पॉल मॅकेरास या दोघांनी तो १९९६ साली प्रसिद्ध केला. कालच्या आणि आजच्या फाईलींत जो फरक पडला असेल तेवढाच तो पाठवितो. सगळा बोजा पुनःपुन्हा वाहून नेत नाही. वर्षभर काम सुरळीत चालले. २०२३ साली २२ मार्चला गुढीपाडवा होता. त्या दिवशी सकाळी आम्ही उत्साहाच्या भरात नागपूरच्या सर्व्हरवर गेलो आणि तेथील आरंभ-फाईलीच्या अगदी पहिल्या ओळीवर एक आज्ञा लिहिली. आत येणाऱ्यास "नमस्कार, नववर्षाच्या शुभेच्छा!" असे दिसावे, एवढीच ती आज्ञा. पुढे आम्ही जेव्हा जेव्हा त्या सर्व्हरवर गेलो, तेव्हा तेव्हा ही ओळ दिसली आणि प्रत्येक वेळी आम्हांस बरे वाटले.

२ मे रोजी पतसंस्थेच्या संगणकाची डिस्क गेली. उन्हाळ्याचे दिवस, विजेचा लपंडाव. डिस्क जायचीच होती. आम्ही व्यवस्थापकांना निश्चिंतपणे सांगितले, "काळजी नको. रात्रीपर्यंतची नक्कल नागपुरास आहे." ती उघडून पाहिली तर शेवटची तारीख २१ मार्च! पाडव्यापासून १ मेपर्यंतचे ४१ दिवस कोरे, आणि त्यांतच ३१ मार्चची वर्षअखेर. व्यवस्थापकांच्या तोंडून शब्द निघेना. पिग्मी गोळा करणारे प्रतिनिधी दुपारी पैसे घेऊन आले, तर खात्यांत ते जमा कुठे करावयाचे हाच प्रश्न.

नागपूरचा सर्व्हर चालू होता. किल्ली, म्हणजे आत शिरण्याचा गुप्त संकेत, ठीक होती. डिस्कवर जागा होती. आम्ही हाताने आत गेलो तर दार लगेच उघडले, वर "नमस्कार" हजर! या ‘आत जाता येते’ या एका गोष्टीनेच आमची सर्वांत मोठी दिशाभूल केली. दार उघडते आहे, मग दोष दाराचा कसा असेल? नव्या संगणकावरून नक्कल पुन्हा चालवून पाहिली, तेव्हा आरसिंकने एक विलक्षण तक्रार केली. तिचा भावार्थ असा, की संभाषणाच्या नियमांची आवृत्ती जुळत नाही. तुमचे शेल स्वच्छ आहे ना? आम्ही दोन्हीकडच्या आवृत्त्या तपासल्या, दोन्ही नव्या करून घेतल्या. तक्रार तीच. शेल स्वच्छ आहे ना, हा प्रश्न मात्र आम्ही विनोद समजून सोडून दिला. वास्तविक रोगाचे निदान त्या एका प्रश्नात लिहून दिलेले होते.

हा रोग कोणता, हे समजण्यासाठी शेलकडे पाहुणे किती तऱ्हेने येतात ते पाहिले पाहिजे.

एक पाहुणा माणूस असतो. तो दारात येतो, ओसरीवर बसतो, गूळपाणी घेतो, चार गोष्टी विचारतो, उत्तर ऐकून पुढची गोष्ट विचारतो. अशा बैठकीला संवादी शेल म्हणावे. दुसरा पाहुणा म्हणजे निरोप घेऊन आलेला हरकाऱ्या. त्याला बसावयाचे नसते. एकच आज्ञा सांगावयाची, तिचे उत्तर थैलीत घालावयाचे आणि निघावयाचे. दूरच्या यंत्राला "अमुक आज्ञा चालव आणि उत्तर दे" असे आपण एका ओळीत सांगतो, तेव्हा तेथे हरकाऱ्या जातो. आरसिंक, एससीपी, एसएफटीपी ही नकला करणारी मंडळी सारी हरकाऱ्याच्याच जातीची. तिकडच्या बाजूस आपला एक जोडीदार जागा करून ती त्याच्याशी आकड्यांच्या भाषेत बोलतात. मधे कोणी माणूस नसतो, पडदाही नसतो.

शेल जागे होताना प्रथम आपल्या काही फाईली वाचते. कार्यक्रम कोठे कोठे शोधावेत, कोणती भाषा वापरावी, आज्ञांची टोपणनावे कोणती, अशी घरातली रीत त्यांत लिहिलेली असते. यांनाच आम्ही आरंभ-फाईली म्हणतो. त्यांच्या नावाच्या आरंभी टिंब असल्यामुळे त्या साध्या यादीत दिसत नाहीत, आणि म्हणून त्यांचा विसर पडतो. कोणत्या पाहुण्यासाठी कोणती फाईल वाचावयाची याबद्दल जुन्या घराण्यांत एकमत नव्हते. बेल प्रयोगशाळेत स्टीफन बोर्न यांनी केलेले शेल १९७९ साली बाहेर आले. ते माणूस आत आला तरच ‘प्रोफाइल’ नावाची फाईल वाची. एरवी काही वाचीत नसे. त्याच सुमारास बर्कलेच्या विद्यापीठात बिल जॉय यांनी सी-शेल केले. त्याची एक फाईल दर वेळी, कोणीही आले तरी वाचली जाई आणि दुसरी केवळ आत येऊन बसणाऱ्यासाठी असे. १९८९ साली ब्रायन फॉक्स यांचे बॅश आले आणि त्याने दोन्ही घराण्यांचे संस्कार घेतले. आज लिनक्सवर बहुतेक ठिकाणी हेच बॅश असते.

बॅशची रीत थोडी गुंतागुंतीची आहे. माणूस दारातून रीतसर आत आला, तर ते आधी सर्वांसाठी असलेली प्रोफाइल वाचते. मग त्या व्यक्तीच्या डॉट-बॅश-प्रोफाइल, डॉट-बॅश-लॉगिन आणि डॉट-प्रोफाइल या तीन फाईलींपैकी जी प्रथम सापडेल ती एकच वाचते. आत बसल्यावर त्याने दुसरे शेल उघडले, तर डॉट-बॅशआरसी वाचते. आपल्या संगणकावर साधा लेखी कार्यक्रम चालविला, तर यांपैकी काहीच वाचीत नाही. आणि येथे अपवाद येतो. आज्ञा जाळ्यावरून, दूरच्या यंत्राकडून आली आहे असे बॅशच्या लक्षात आले, तर हरकाऱ्या असूनही ते डॉट-बॅशआरसी वाचते. हा अपवाद बॅशच्या माहितीपुस्तकातच नमूद आहे. पण पुस्तकातले सगळेच पान कोणी वाचीत नाही. आम्हीही वाचले नव्हते.

दूरच्या यंत्राला आज्ञा पाठविण्याची ही चाल १९८३ साली बर्कलेच्या युनिक्समधील ‘रिमोट शेल’ने रुळविली. तेव्हा तारेवरून जाणारे सारे उघडे असे. पुढे हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात जाळ्यावरून परवलीचे शब्द चोरले गेले, तेव्हा तेथील टाटू यलोनेन यांनी १९९५ मध्ये एसएसएच तयार केले. त्यात बोलणे कुलूपबंद होऊन जाते. कुलूप नवे आले, पण कुलुपाआड बसलेल्या शेलची फाईली वाचण्याची सवय जुनीच राहिली.

आता आमच्या नमस्काराने काय केले ते पाहा. आरसिंकचा हरकाऱ्या नागपूरच्या दाराशी गेला. तेथले बॅश जागे झाले, त्याने डॉट-बॅशआरसी उघडली, पहिल्याच ओळीवर नमस्कार होता, तो त्याने म्हटला. तो ऐकावयास कोणी माणूस नव्हता. ज्या नळीतून हिशेबाची माहिती जावयाची त्याच नळीतून तो उमरेडला आला. इकडे आरसिंक वाट पाहात होते आपल्या जोडीदाराच्या पहिल्या चार बाइटांची, म्हणजे आवृत्तीच्या आकड्याची. त्याच्या हाती पडला ‘नमस्कार’ आणि तो त्याने आकडा म्हणून वाचला. आपली नागपूर–नागभीड छोटी गाडी २०१९ साली रुंदमापी कामासाठी बंद झाली. तिचा ७६२ मिलिमीटर मापाचा डबा १६७६ मिलिमीटरच्या रुळांवर ठेवला तर डब्यातला माल कितीही चांगला असला तरी गाडी हलणार नाही. आरसिंकचेही तसेच झाले. त्याने अपयशाचा २ हा क्रमांक दिला आणि थांबले.

मग ४१ रात्री हे कोणास कळले कसे नाही? कारण रोजच्या नकलेची आज्ञा लिहिताना आम्ही तिचे सारे बोलणे, चांगले नि वाईट, युनिक्सच्या त्या तळ नसलेल्या विहिरीत सोडले होते. तिला डेव्ह-नल म्हणतात. त्यात टाकलेले परत येत नाही. रोज पहाटे टपालात येणारा अहवाल आम्हांस कटकटीचा वाटे, म्हणून तो आम्ही असा बुडविला. नमस्काराची चूक हौसेची होती. ही दुसरी मात्र आळसाची, आणि खरे नुकसान तिनेच केले.

हे सगळे आम्हांस उलगडले ते एका आकड्यामुळे. आरसिंक दाद देईना, म्हणून आम्ही एसएफटीपीने फाईल आणावयास गेलो. त्याने सांगितले, की आलेला संदेश फार लांब आहे, त्याची लांबी ३७६८८८७५२०. म्हणजे ३७६ कोटी ८८ लाख ८७ हजार ५२०! आमच्या कुठल्याही फाईलीत इतके बाइट नव्हते, आणि एसएफटीपी तर २,६२,१४४ च्या पुढचा संदेश घेतच नाही. दर वेळी नेमका हाच आकडा. चुकीची माहिती असती तर ती दर वेळी वेगळी आली असती. हा आकडा काहीतरी सांगत होता. आम्ही कागद घेतला आणि त्याला २५६ ने भागत गेलो. चार संख्या निघाल्या : २२४, १६४, १६८ आणि २२४.

देवनागरीचे प्रत्येक चिन्ह संगणक तीन बाइटांत लिहितो. ‘न’ हे अक्षर म्हणजे २२४, १६४, १६८. पुढच्या ‘म’चा पहिला बाइट पुन्हा २२४. आमच्या नमस्काराची पहिली सव्वा अक्षरे एसएफटीपीने संदेशाची लांबी म्हणून वाचली होती! श्रोत्यांपैकी कोणावर हा प्रसंग आला तर एक खूण सांगून ठेवतो. हा आकडा ३७६८८ या पाच अंकांनी सुरू झाला, तर कोणा मराठी किंवा हिंदी माणसाने आरंभ-फाईलीत स्वागत लिहिले आहे असे खुशाल समजावे. ‘श्री’ असो, ‘जय’ असो, ‘स्वागत’ असो, आरंभ याच पाच अंकांनी होतो. ॐने सुरुवात केली तर मात्र तो ३७६८९ होतो. आणि इंग्रजी ‘वेलकम’ लिहिले असेल तर १४६६२६४६७५ हा आकडा येतो.

निदान झाले, पण खात्री व्हावयास हवी होती. त्यासाठी एक फार सोपी परीक्षा आहे. युनिक्समध्ये ‘ट्रू’ नावाची एक आज्ञा आहे. ती काहीही करीत नाही. ‘झाले’ एवढे मनातल्या मनात म्हणून संपते. एसएसएचने दूरच्या यंत्राला ही आज्ञा द्यावी आणि आलेले उत्तर बाइट मोजणाऱ्या ‘डब्ल्यूसी’ या कार्यक्रमाच्या हाती द्यावे. ज्या आज्ञेने काही बोलावयाचे नाही, तिच्या उत्तरात शून्य बाइट आले पाहिजेत. आमचे उत्तर आले ८३. आम्ही बोटांवर मोजले : नागरीची २६ चिन्हे, तीनच्या हिशेबाने ७८, शिवाय एक स्वल्पविराम, दोन मोकळ्या जागा, एक उद्गारचिन्ह आणि ओळीचा शेवट मिळून ५. बेरीज ८३. दमडीचाही फरक नाही.

आता यातली सर्वांत बोचरी गोष्ट. आमच्या सर्व्हरवर उबंटू होते. उबंटू व डेबियन यांच्या डॉट-बॅशआरसीत आरंभीच एक पहारेकरी उभा केलेला असतो. ‘डॉलर-डॅश’ या नावाच्या चलात शेलच्या स्थितीची अक्षरे असतात. शेल संवादी असेल तर त्यांत ‘आय’ हे अक्षर असते. ते नसेल तर ‘रिटर्न’ म्हणून पहारेकरी तेथूनच परत फिरवितो, पुढची फाईल वाचलीच जात नाही. आम्ही आमची ओळ फाईलीच्या तळाशी लिहिली असती, तर हरकाऱ्याच्या कानी ती पडलीच नसती. पण आलेल्या माणसाला ती सर्वांत आधी दिसावी म्हणून आम्ही ती पहारेकऱ्याच्याही वर लिहिली. रेड हॅटच्या घराण्यातील यंत्रांत हा पहारेकरी मुळात ठेवलेला नसतो. तेथे तो स्वतः बसवावा लागतो.

यावर कोणी म्हणेल, मग सारेच पहारेकऱ्याच्या खाली लिहावे, म्हणजे वादच मिटला. तसे नाही. त्यातून अगदी उलटा दोष उद्भवतो, आणि तो आमच्या शेजारच्या काकूंच्या मुलीने आमच्यापुढे आणला.

ही मुलगी रसायनशास्त्राचे संशोधन करते. तिचे गणित अनेक यंत्रांच्या मेळाव्यावर चालते. आपल्या महाराष्ट्रात या विद्येची परंपरा चांगली आहे. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ साली परम ८००० उभा केला. २०१५ साली राष्ट्रीय महासंगणक मोहीम निघाली आणि तिच्यातून पुण्याच्या आयसरमध्ये परम ब्रह्म आला. असे यंत्र वापरणाऱ्यांतील बहुतेकांनी ते डोळ्यांनी पाहिलेलेही नसते, सारे दुरून. मुलगी म्हणाली, "काका, मी स्वतः आत जाऊन माझा कार्यक्रम चालवला की चालतो. इथूनच एका ओळीत आज्ञा पाठवली की ‘आज्ञा सापडली नाही’ म्हणतं आणि १२७ आकडा देतं. मशीन तेच, खातं तेच, नाव तेच." तिने आपला कार्यक्रम घरच्या एका कोपऱ्यात ठेवला होता आणि त्या कोपऱ्याचा पत्ता ‘पाथ’मध्ये, म्हणजे शोधण्याच्या जागांच्या यादीत, पहारेकऱ्याच्या खाली घातला होता. ती स्वतः गेली की यादी पुरी वाचली जाई. हरकाऱ्या गेला की तो उंबरठ्यावरूनच परत फिरविला जाई आणि बिचाऱ्याला तो कोपरा ठाऊकच नसे. १२७ या क्रमांकाचा अर्थच ‘नावाचा माणूस सापडला नाही’ असा आहे. मोठ्या मेळाव्यात जेथे एक यंत्र बाकीच्यांना एसएसएचने हाका मारते, तेथे हाच दोष साऱ्या गणिताला अडवून धरतो. ओपन एमपीआय हा कार्यक्रम अशा वेळी दूरच्या यंत्रावर आपला मदतनीस शोधतो आणि तो सापडत नाही म्हणून थांबतो.

तेव्हा पहारेकऱ्याची रेघ ही घरातल्या उंबरठ्यासारखी धरावी. ‘पाथ’सारख्या गोष्टी, ज्या माणसाला नि हरकाऱ्याला दोघांनाही लागतात, त्या रेघेच्या वर, पण वरच्या भागात एकही आज्ञा बोलकी असता कामा नये. नमस्कार, दिनविशेष, रंग, टोपणनावे, कळांच्या सवयी हे सारे खाली. हरकाऱ्याला टोपणनावे कळत नाहीत हेही लक्षात असू द्यावे. बॅश असंवादी असताना ती उलगडतच नाही. म्हणून दुरून आज्ञा देताना मूळ नावच लिहावे. आणि घाईच्या वेळी सर्वांत निर्धोक उपाय म्हणजे कार्यक्रमाचा पुरा पत्ता देणे. "उमरेडात पाटलांकडे जा" म्हणण्यापेक्षा आळी, घर, मजला सांगितलेला बरा.

आणखी काही किरकोळ तक्रारी दिसतात. त्यांचे भय बाळगू नये, पण ओळखता आल्या पाहिजेत. आरंभ-फाईलीत ‘एसटीटीवाय’ किंवा ‘मेसेज’ अशा टर्मिनलशी बोलणाऱ्या आज्ञा असतात. हरकाऱ्यापाशी टर्मिनल नसते, म्हणून त्या कुरकुरतात. ही कुरकुर बहुधा दुसऱ्या नळीतून येते. युनिक्सने उत्तरासाठी एक आणि तक्रारीसाठी एक अशा दोन नळ्या ठेवल्या आहेत. तक्रारीच्या नळीतून आलेल्या बोलण्याने नक्कल बिघडत नाही, केवळ पडद्यावर घाण होते. मराठी वापरणाऱ्यांना याच नळीतून आणखी एक तक्रार भेटते. आपल्या संगणकाने भाषा मराठी ठरविलेली असते, एसएसएच ती पसंती बरोबर घेऊन जाते, आणि पलीकडच्या यंत्रावर मराठीची व्यवस्था तयार केलेली नसते. मग ते ‘ही भाषा मला लावता येत नाही’ म्हणते. पलीकडे मराठीची व्यवस्था तयार करून घेतली की काम झाले.

काही मंडळी या कुरकुरीवर एसएसएचला ‘टी’ हा पर्याय देतात, म्हणजे हरकाऱ्याला एक खोटे टर्मिनल देतात. कुरकुर थांबते खरी, पण दोन्ही नळ्या एक होतात, ओळींचे शेवट बदलतात, आणि शेल त्यामुळे संवादी होत नाही ते नाहीच. नकलेच्या कामात हा उपाय करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

विंडोजवर आरंभ-फाईल लिहून ती दूरच्या लिनक्सवर चढविणाऱ्यांस वेगळाच ताप होतो. विंडोज ओळीच्या शेवटी दोन चिन्हे लावते, १३ आणि १० क्रमांकाची. लिनक्सला फक्त १० क्रमांकाचे ठाऊक. उरलेल्या अदृश्य चिन्हाला शेल आज्ञा समजते आणि ती सापडत नाही म्हणून ओरडते. डोळ्यांना ओळ अगदी शुद्ध दिसते. ‘डॉस-टू-युनिक्स’ हा छोटा कार्यक्रम ती चिन्हे झाडून काढतो.

दोष कोणत्या ओळीत आहे ते न कळले, तर शेलला ‘एक्स’ हा पर्याय देऊन चालवावे. ते प्रत्येक ओळ करण्यापूर्वी म्हणून दाखविते. त्यानेही न साधले तर जुनी युक्ती : निम्म्या ओळींपुढे हॅशचे चिन्ह लावून त्या निजवाव्यात, ‘ट्रू’ची परीक्षा घ्यावी, उरलेल्या निम्म्या पुन्हा अर्ध्या कराव्यात. ६४ ओळींची फाईल असली तरी सहा वेळांत दोषी ओळ हाती लागते. हे करताना दूरच्या यंत्रावर एक खिडकी आधीपासून उघडी ठेवावी आणि परीक्षा पूर्ण होईपर्यंत ती मिटू नये. आरंभ-फाईलीत एखादी अडून बसणारी ओळ पडली, तर नवे दार उघडतच नाही. मग सर्व्हरवाल्याच्या पाया पडण्यावाचून गती नसते.

पतसंस्थेचे पुढे काय झाले, हे आपण विचाराल. कागदाने लाज राखली. संस्थेच्या जुन्या कारकुनांनी संगणक आल्यावरही रोजकीर्द हाताने लिहिणे सोडले नव्हते. आम्ही त्यांना त्याबद्दल हसलो होतो. त्यांची रोजकीर्द, व्हाउचरांची बांधलेली बंडले आणि पिग्मी प्रतिनिधींच्या पावत्यांची स्थळप्रत, यांवरून ४१ दिवसांच्या नोंदी पुन्हा चढविल्या. आम्ही, व्यवस्थापक आणि दोन कारकून मिळून नऊ रात्री बसलो. ३१ मार्चच्या ताळेबंदात १८ रुपयांचा फरक येत होता. तो एका पावतीवरील पुसट ७ चा १ वाचला गेल्यामुळे आणि एका १२ रुपयांच्या वह्यांच्या खर्चामुळे होता. तोही शेवटच्या रात्री निघाला. सभासदांपैकी कोणाचा पैसा बुडाला नाही.

आता तेथे रात्रीच्या नकलेपूर्वी ‘ट्रू’ची परीक्षा होते. उत्तर शून्य बाइट आले तरच नक्कल सुरू होते, आणि नकलेचा निकाल, चांगला असो वा वाईट, पहाटे व्यवस्थापकांच्या फोनवर जातो. शिवाय महिन्यातून एकदा, पहिल्या शनिवारी, नागपूरची नक्कल वेगळ्या संगणकावर उघडून त्या दिवशीच्या रोजकीर्दीशी ताडून पाहतात. ती पाहण्याचे काम आम्ही त्याच जुन्या कारकुनांकडे दिले आहे.

व्याख्यानानंतर मॅक वापरणाऱ्या एका तरुणाने प्रश्न केला होता, त्याचे उत्तर येथे लिहून ठेवतो. २०१९ पासून मॅकवर नव्या खात्यांना बॅशऐवजी झेडशेल मिळते. त्याची रीत बॅशपेक्षा सोपी आहे : डॉट-झेडशेनव्ह ही फाईल कोणीही आले तरी वाचली जाते, डॉट-झेडशआरसी फक्त संवादी बैठकीत. म्हणून तेथे ‘पाथ’ पहिल्या फाईलीत लिहावा आणि नमस्कार दुसऱ्या फाईलीत. आम्ही आमचा नमस्कार नागपूरच्या सर्व्हरवर ठेवलेला आहे; तो फक्त पहारेकऱ्याच्या खाली नेला.